चिकूचा केक

कोरेगावात आमच्या शेजारी एक निवृत्त फौजी राहतात. सैन्यात ते मेसमध्ये स्वयंपाक करायचे. आता कुणाच्या घरी केळी काळी पडली की ते मागून आणतात, अंगठ्याने दाबून बघतात आणि म्हणतात, "लय पिकलंय, म्हंजे झ्याक हाय." मग कुकरची शिट्टी काढून, तळाला मीठ पसरून केक भाजतात. तो फुगेपर्यंत कुणाशी बोलत नाहीत.

थोरल्या भावाशी तर वाटणी झाल्यापासून त्यांचं बोलणंच नव्हतं. भावाचं चिकूचं झाड भिंतीपलीकडे आहे, पण चिकू यांच्या अंगणात पडायचे. त्या फळांना फौजी कधी हात लावत नसत. यंदा भाऊ अंथरुणाला खिळला. तेव्हा एका सकाळी यांनी चांगले चिकू वेचले, केक केला आणि मला सोबत घेऊन भावाच्या दारात गेले.

दार वहिनींनी उघडलं.

"तुमच्याच झाडाचं हाय, वहिनी," डबा पुढे करत ते म्हणाले. "वाया चाललं हुतं."

वहिनींनी डबा घेतला. मग आत वळून म्हणाल्या, "आवं, भावजी आल्यात."

आतून भावाचा थकलेला आवाज आला, "मग भाईर का हुबा हाय त्यो?"

चपला काढताना फौजींनी माझा खांदा घट्ट धरला.