टाचेवरची जाळी

"डायबेटिक फूट अल्सर," डॉक्टर म्हणाले. म्हणजे साखरेमुळं पायाला झालेली, न भरणारी जखम. माझ्या मिस्टरांच्या टाचेला रुपयाएवढं भोक पडलं होतं आणि ते दुखतच नव्हतं. दुखत नाही म्हणून आम्ही निवांत! तुमच्या घरी साखरेचा पेशंट असेल तर पाय रोज बघा, दुखो न दुखो.

जखमेपर्यंत रक्त पोचत नव्हतं. भरली नाही तर पाय घोट्यापासून काढावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग डॉक्टरांनी एक प्रयोगातला उपचार सुचवला. नॅनोफायबर, म्हणजे केसाहून कितीतरी बारीक तंतूंची जाळी, जखमेवर बसवायची. तंतूंत जीन भरलेलं असतं. जीन म्हणजे पेशीला दिलेली सूचना. पेशींनी ती घेतली, की नव्या रक्तवाहिन्या वाढवणारं द्रव्य त्याच तयार करतात.

"गुण येईलच, अशी खात्री देत नाही. टाच टेकायची नाही, पट्टी भिजवायची नाही," जाळी बसवून वर पट्टी बांधताना ते म्हणाले.

आमचा धंदा चौकातल्या दूधकट्ट्यावर म्हैस नेऊन गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध विकायचा. म्हैस ह्यांच्याशिवाय कुणाला पान्हा सोडत नाही. तिची तटतटलेली कास ह्यांना बघवेना. मी औषधं आणायला गेले तेवढ्यात पट्टीवर प्लास्टिकची पिशवी बांधून हे गोठ्यात धार काढायला उकिडवे बसले.

"मुकं जनावर हाय, कळ सोसंना तिला," हे म्हणाले.

"आणि पाय गेला म्हंजे? म्हैस बसणार हाय व्हय उशाला?" मी ओरडले. पट्टी शेणामुतानं भिजली होती.

डॉक्टरांना जाळी काढून टाकावी लागली. "पेशींनी जीन घेतलं असेल तर बरं. आता थांबून बघायचं."

थांबणं माझ्या स्वभावात नाही. ह्यांचा शर्ट घालून, डोक्याला ह्यांचाच टॉवेल बांधून मी धार काढू लागले. वासाला भुलून म्हैस पान्हावली. पण चित्त टाचेपाशीच. घरी आले की आधी पाय हुंगून बघायची, कुजका वास तर येत नाही ना.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी जखम पुसली आणि कापसावर लालभडक रक्त उमटलं. माझा धीरच सुटला.

"रक्त आलं की वो!"

"येऊ दे, मावशी. इतके दिवस तेच तर येत नव्हतं," डॉक्टर हसले. जीनमुळं की निगेमुळं, हे एका पायावरून सांगता येणार नाही, असंही म्हणाले. पण पाय काढायचं नाव त्यांनी घेतलं नाही.

नवऱ्याचं रक्त बघून हात जोडणारी बाई त्या दवाखान्यानं पहिल्यांदाच बघितली असेल.