जांभळ्या रुमालाचे वकील

कोर्टात भाऊंचा रुमाल मी कधी पांढरा पाहिला नाही. सकाळी घरून निघताना असेलही पांढरा, पण मी अंधेरीच्या कोर्टाबाहेरच्या त्यांच्या टेबलाशी पोचायचे तोवर त्याच्यावर शाईचे दोन-चार जांभळे डाग पडलेले असायचेच. भाऊ सनदी वकील. काळा कोट, पांढरा बँड, सगळं रीतसर. पण त्यांच्याकडे येणारी माणसं सही करणारी नव्हती. वेसाव्याच्या कोळणी, आरेच्या गोठ्यांत राबणारे लोक, घाटावरून येऊन इथे रस्त्याच्या कामाला लागलेली कुटुंबं. कागदावर अंगठा उठवून झाला की भाऊ खणातून खोबरेलाची बाटली काढायचे, रुमालाचं टोक भिजवायचे आणि समोरच्याचा अंगठा स्वतःच्या हाताने पुसून द्यायचे. दुसरे वकील त्यांना 'अंगठेवाले' म्हणून चिडवायचे. भाऊ म्हणायचे, "शाई लागलेला अंगठा घेऊन माणूस निघाला ना, की घरी पोचेपर्यंत मूठ मिटून चालतो. बघवत नाही मला."

मी त्यांच्याकडे कामाला लागले एकोणीसशे साठ-पासष्टच्या सुमाराला. सातवी शिकलेली विधवा बाई, कोण ठेवणार मला? भाऊंनी मराठी टाइपरायटर पुढे ढकलला आणि म्हणाले, "कमल, बस. दोन बोटांनी सुरुवात कर, बाकीची आपोआप येतील." बाकीची शेवटपर्यंत आली नाहीत, ती गोष्ट वेगळी. त्यांनी एक मात्र पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की टाइप करताना जिथे बोट अडेल तिथे थांबायचं आणि विचारायचं. "मी सांगतोय म्हणून पुढे जायचं नाही." एकदा एका म्हाताऱ्याचं वय सांगताना त्यांचा घोळ झाला. मी थांबले. म्हटलं, "भाऊ, ह्यात मुलगा बापापेक्षा मोठा आहे." भाऊंना एवढं हसू आलं की चष्मा काढून ठेवावा लागला. मग दिवसभर येईल त्या वकिलाला सांगत होते, "आमच्या कमलने आज एका बापाची अब्रू वाचवली."

आता जी गोष्ट सांगायची ती सांगते. ती टाळून भाऊ पुरे होत नाहीत.

अंगठ्याच्या प्रत्येक कागदाखाली भाऊ लिहायचे, 'सदर व्यक्तीस मी ओळखतो, अंगठा माझ्यासमक्ष उठवला आहे,' आणि खाली सही. ती सही बघून कोर्टाचा कारकून डोळे मिटून शिक्का मारायचा. पण कोळणींचं काय होतं, होड्या लागल्या की त्यांना किनारा सोडता येत नाही. मासळी थांबत नाही ना कोणासाठी. मग भाऊंनी एक रीत पाडली. घरचं माणूस आलं की कागद आणि शाईचा पॅड त्याच्याकडे द्यायचा, त्याने बंदरावर जाऊन अंगठा घेऊन यायचा, आणि आल्यावर भाऊंनी 'माझ्यासमक्ष' लिहून सही करायची. वर्षानुवर्षं चाललं तसं. सगळी ओळखीची माणसं. कोणाच्या मनात कधी काही आलं नाही. माझंही बोट त्या ओळीवर कधी अडलं नाही, हे कबूल करते.

हिराबाईचा दीर धर्मा असाच आला. हिराबाई म्हणजे भाऊंची जुनी पक्षकार. नवरा समुद्रात गेला तेव्हापासून तिचा प्रत्येक कागद भाऊंनीच केलेला. धर्मा म्हणाला, घर आणि पुढचं मासळी वाळवायचं आवार वहिनी माझ्या नावावर करून देतेय, तिला तसं प्रतिज्ञापत्र पाहिजे. मी टाइप केलं. धर्मा पॅड घेऊन गेला, दुपारी अंगठा घेऊन आला. भाऊंपुढे तेव्हा सहा माणसं बसली होती. त्यांनी न बघता सही केली.

चार महिन्यांनी हिराबाई आली. मासळीची पाटी डोक्यावरच होती. घर धर्माने एका बांधकामवाल्याला विकलं होतं आणि ते लोक कुदळी घेऊन दारात उभे होते.

"वकीलदादा, मी कवा दिला रं घर?"

भाऊंनी प्रतिज्ञापत्राची नक्कल काढली. हिराबाईने पाटी खाली ठेवली आणि उजवा अंगठा त्या कागदाशेजारी टेकवला. तिच्या अंगठ्यावर कोयत्याने झालेली जुनी आडवी खूण होती. कागदावरचा ठसा अखंड, गुळगुळीत. कोणा भलत्याच बाईचा.

"ह्यो आंगठा तू किती येला पुसलास, दादा," ती म्हणाली. "तुला पन वलखला नाय?"

भाऊंनी तिचा अंगठा हातात धरला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. तरी बराच वेळ धरून बसले.

हिराबाईच्या भावाने वकिलांच्या शिस्तसमितीकडे तक्रार केली. आता पाळी आली उत्तर द्यायची. भाऊंच्या ओळखीचे एक ज्येष्ठ वकील मुद्दाम येऊन बसले. म्हणाले, "अरे, एवढंच लिही की एक बाई डोईवरून पदर घेऊन आली होती, तिने नाव हिराबाई सांगितलं. तू फसलास, विषय संपला. तो धर्मा काय नाही म्हणणार आहे?" धर्मा कशाला नाही म्हणेल? त्यालाही तेच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी मला मसुदा सांगायला घेतला. नाव, पत्ता, सनदेचा नंबर. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "लिही. त्या दिवशी एक बाई माझ्यासमक्ष हजर होती."

माझी बोटं थांबली. मी मुद्दाम थांबवली नाहीत हो. सवयच ती, त्यांनीच लावलेली. भाऊंनी वळून बघितलं, मी त्यांच्याकडे. मग ते म्हणाले, "काढ तो कागद. नवा घाल." आणि दुसऱ्या कागदावर त्यांनी सगळं खरं सांगितलं. पॅड बाहेर पाठवल्याचं, ठसा न बघितल्याचं, आणि आधीही किती वर्षं असंच करत आल्याचं.

सगळे म्हणाले, कबुली दिलीय, सहा महिने सनद बंद ठेवतील, समज देतील. पण त्या शेवटच्या ओळीनेच घात केला. एकदा चुकलेला माणूस वेगळा आणि वर्षानुवर्षं खोटी साक्ष घालणारा वेगळा, असं समितीने ठरवलं. भाऊंचं नाव वकिलांच्या यादीतून कायमचं काढलं. हिराबाईला तरी काय मिळालं? दिवाणी दावा लोंबकळत राहिला, तोवर घर पाडून तिथे तीन मजले उभे राहिले. त्याच इमारतीच्या फाटकाशी ती पाटी घेऊन बसायची. भाऊंनी वेसाव्याचा रस्ताच टाकला.

त्यानंतर भाऊ कुठल्याच कागदावर सही करेनात. पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन आला तर बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, हाक मारायचे. मुलीच्या शाळेचं प्रगतिपुस्तकसुद्धा वहिनींनीच सही करून पाठवायचं. मी दुसऱ्या वकिलाकडे लागले होते. एकदा बँकेत खातं उघडायला ओळखीच्या माणसाची सही हवी होती, तर फॉर्म घेऊन गेले. त्यांनी तो वाचला, नीट घडी घातली आणि परत दिला. "मी तुला ओळखतो, कमल. पण माझं ओळखणं कुठे चालत नाही आता."

मी रडले थोडी. आणि इतकी वर्षं घशात धरून ठेवलेलं विचारलं. "भाऊ, त्या दिवशी माझी बोटं थांबली नसती तर?"

मला वाटलं होतं, म्हणतील, वेडी आहेस, तुझा काय दोष. म्हणतील, बरं झालं थांबलीस. दुसरं कोणीही हेच म्हणालं असतं. भाऊंनी चष्मा काढला, खिशातून रुमाल काढून पुसायला लागले.

"तर मी आज कोर्टात असतो," ते म्हणाले.

ते काच पुसत राहिले. रुमाल पांढराशुभ्र होता.