बांगड्या भरायला म्हणून आणलेली मुलगी

“सिस्टर, चादर आणा,” डॉक्टर मला म्हणाले. चादरीत गुंडाळायचं, दोघांनी दाबून धरायचं आणि दाढ ओढायची. त्या काळी, साठच्या दशकात, अमरावतीच्या आमच्या दवाखान्यात हट्टी मुलांची दाढ अशीच निघायची.

खुर्चीत अंजनगाव सुर्जीची शेवंता होती. किडलेल्या दाढेखाली पू झालेला, सूज गळ्याकडे उतरू लागलेली. दाढ आजच काढायला हवी होती आणि ती दात घट्ट आवळून बसली होती. बापाने तिला बांगड्या भरायला नेतो असं सांगून एसटीत बसवलं होतं. आता ती कुणाचं ऐकणार?

मी डॉक्टरांकडे थोडा वेळ मागितला. ते कुरकुरत बाहेर गेले.

“सुई टोचताना दुखेल,” मी तिला सांगितलं. “मग गाल बधिर होईल. मध्येच दुखलं तर हात वर कर, डॉक्टर थांबतील.”

“बाई, पोरीले भेव काहून दाखवून राहिल्या?” बाप उखडला. मी त्याला गप्प बसवलं.

मग तिला उतरवून मीच खुर्चीत बसले. दात तपासायचा लांब दांड्याचा आरसा तिच्या हातात दिला आणि तोंड उघडलं. तिने नीट पाहिलं. मागची एक जागा रिकामी होती.

“हे दाढ काढली तवा तुमचा हात कोनी धरला होता?”

माझी दाढ काढली तेव्हा नवरा वारून वर्षही झालं नव्हतं. “कोणीच नाही,” मी म्हणाले.

तिने आरसा परत दिला आणि मला खुर्चीतून उठवलं. मग खुर्चीत चढली. “माहा तुमी धरा.”

डॉक्टर परत आत आले; हात वर झाला की थांबायचं, हे मी त्यांना आधीच बजावलं होतं. तिने एकदा हात वर केला आणि ते खरोखरच थांबले. म्हणून तिने पुन्हा तोंड उघडलं. दाढ निघाली. चादर घडीचीच राहिली.

तोंडात कापसाचा बोळा धरून शेवंता बापाला बांगड्यांची आठवण करून देत होती. आता नाही म्हणायची त्याची सोय नव्हती. दारातून ती परत आली आणि माझं मनगट धरलं. “तुमी बी चला. तुमचे हात रिकामेच हायेत.”

बापाने मान खाली घातली.

“ड्यूटीवर बांगड्या चालत नाहीत,” मी म्हणाले.

पुढे नव्या नर्सना मी हेच शिकवलं: दुखणार असेल तर दुखेल म्हणून सांगा, मुलं सोसतात. शेवंता गेली त्या संध्याकाळी मी क्वार्टरवर आले तेव्हा ड्यूटी संपली होती. हात तरीही रिकामेच होते.