बँडमास्तरांचा खालचा जबडा

कोल्हापुरात दाताच्या डॉक्टरचं नाव व्हायचं ते हिसक्यावर. "एका हिसक्यात काढला बघ, कळलंसुदिक न्हाई," हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं सर्टिफिकेट. मी दवाखाना टाकला तेव्हा दातांची डॉक्टर बाई असते हेच गावाला नवल होतं. लोक पाटी वाचून आत यायचे आणि मलाच विचारायचे, "डॉक्टर कवा येनार?" मीच डॉक्टर, असं म्हटलं की आधी माझ्या मनगटाकडे बघायचे. मुरगूडच्या एका म्हाताऱ्याने तर तोंडावर सांगितलं, "बाई, तुमच्या हातात जोर न्हाई. दाढ निम्मी हितं ऱ्हाईल आनि निम्मी माज्यासंगं घरला जाईल." मग मी जोर कमावला. दोनेक वर्षांत 'बाई हाय, पन हात गड्याचा हाय' असं लोक बोलायला लागले. ते ऐकून मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू!

बँडमास्तर माझ्याकडे आले ते ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. घराणं मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या गावातलं, आणि बँड त्यांच्या वडिलांनी उभा केलेला. मास्तर स्वतः क्लॅरिनेट वाजवायचे. गडहिंग्लजपासून जयसिंगपूरपर्यंतचे लोक मुहूर्त धरायच्या आधी त्यांना तारीख विचारून घ्यायचे, एवढा त्यांचा मान. पण पायोरियाने त्यांच्या खालच्या दातांचा निकाल लावला होता. शेवटचे चार हलते दात मीच काढले आणि कवळी बसवली.

क्लॅरिनेट हे दातांनी धरायचं वाद्य आहे, हे मला मास्तरांनीच शिकवलं. वरचे दात त्याच्या तोंडावर टेकवायचे, खालचा ओठ खालच्या दातांवर आत दुमडायचा आणि त्या गादीवर वाद्याची पट्टी ठेवून फुंकायचं. मास्तरांचं खालचं हाड इतकं झिजलेलं, की कवळीला धरायला काही उरलंच नव्हतं. फुंकर मारली की कवळी सरकायची आणि कवळी सरकली की सूर सरकायचा. मी ती कवळी पुन्हा पुन्हा नव्याने केली. ते दर वेळी लावून बघायचे, घरी जायचे आणि आठवड्याने परत यायचे.

"बाई, जेवायला झ्याक हाय. पन मी काय जेवायचा धंदा करतोय व्हय?"

लग्नाच्या वरातीत ते कवळी खिशात टाकून नुसत्या हिरड्यांवर वाजवायचे. ओठाला आतून जखमा व्हायच्या. त्या जखमा मी बघायची आणि मला स्वतःचाच राग यायचा. दात काढून द्यायला आपण हुशार, परत द्यायची वेळ आली की आपली विद्या संपली.

अशात कळलं, की मुंबईचे एक सर कोल्हापुरात येऊन आम्हा साध्या दंतवैद्यांना हाडात दात रोवायचं शिकवणार आहेत. पातळ धातूचं एक पातं असतं. हाडाला खाच पाडायची, पातं त्या खाचेत ठोकून बसवायचं, हिरडीबाहेर त्याचा खुंट राहतो आणि त्या खुंटांवर कवळी घट्ट बसते. आम्ही हे फक्त मासिकांत वाचलेलं. इथे तर प्रत्यक्ष हाताने करून बघायचं होतं. मी लगेच नाव दिलं. ते मास्तरांसाठी दिलं, एवढं मात्र नक्की.

स्टेशन रोडवरच्या एका लॉजचा हॉल भाड्याने घेतला होता. टेबलांवर वर्तमानपत्रं अंथरलेली आणि प्रत्येक वर्तमानपत्रावर एकेक बोकडाचा जबडा. सकाळी मटण मार्केटातून बादल्या भरून आणले होते. आम्ही जमलो होतो जिल्हाभरातले, बहुतेक सगळे पुरुष, सगळे आपापल्या गावात हिसक्यासाठी नावाजलेले. सरांनी पडद्यावर चित्रं दाखवत बराच वेळ घेतला. आमच्यातल्या निम्म्यांचं लक्ष जबड्यांकडे होतं आणि उरलेल्यांचं, दुपारच्या जेवणात रस्सा तांबडा की पांढरा, याकडे.

मग खाच पाडायचं मशीन हातात मिळालं आणि कोल्हापूर सुटलं. जो तो जोर लावून हाड कापायला लागला. थोड्याच वेळात हॉलभर वास सुटला, घरी पायाचा रस्सा करण्याआधी बोकडाचे पाय चुलीवर भाजतात तेव्हा येतो तसा. कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "भूक लागली की राव!" सगळे हसले. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी एकेकाच्या टेबलाशी जाऊन मशीन बंद करायला लावलं.

"हा वास तुमच्या पेशंटच्या तोंडातून आला, तर पातं बसवूच नका," ते म्हणाले. "हाड भाजलं की मरतं. मेलेलं हाड काही धरून ठेवत नाही. तुम्ही लोक हाड कापताय की लाकूड फोडताय?"

माझ्याही जबड्याची खाच काठाला तपकिरी झाली होती. फार झोंबलं मला ते. इतक्या वर्षांत जे मनगट कमावलं, ज्याच्यावर पोट चाललं, त्याचंच इथे काम नव्हतं. पाणी सोडत राहायचं, मशीन नुसतं टेकवायचं आणि उचलायचं, टेकवायचं आणि उचलायचं. मी करायला गेले की हात आपोआप दाबायचाच. सवय ही अशी चीज आहे, घरच्या मांजरासारखी, बाहेर सोडून आलं तरी आपल्याआधी घरात हजर.

सगळ्या हॉलमध्ये एकच खाच पांढरीशुभ्र होती. जयसिंगपूरचे एक जैन डॉक्टर होते. ते खुर्चीत शक्य तितके मागे सरकून, हात लांब करून, जबड्याला जेमतेम मशीन लावत होते. सरांनी सगळ्यांना त्यांच्या टेबलाभोवती बोलावलं. म्हणाले, "हा हात बघा. याला म्हणतात हात." डॉक्टर बिचारे कसनुसे झाले. म्हणाले, "सर, तसं काही नाही हो. मला त्याला शिवायचंच नाहीये."

हॉल हसून हसून लोळायचा बाकी राहिला. मीही हसले, पण दुपारी दहीपोळी खात बसलेल्या त्या डॉक्टरांच्या शेजारी जाऊन बसले आणि त्यांनी मशीन कसं धरलं होतं ते विचारलं. त्यांनी चमचा हातात घेऊन दाखवलं. पुढचे दोन दिवस मी तसंच केलं. समोर बोकडाचं हाड नाही, आपल्याला शिवायचंच नाही असं काहीतरी आहे, असं मनाला बजावत राहिले. माझ्याही खाचा हळूहळू पांढऱ्या निघायला लागल्या.

शेवटच्या दिवशी एका खऱ्या पेशंटवर काम करायचं होतं. आम्ही नेलेले एक्स-रे बघून सरांनी माझे मास्तर निवडले. काम मी करायचं आणि सर शेजारी उभे राहणार, असं ठरलं. मास्तर धुतलेला सदरा घालून आले होते. त्यांनी सरांना विचारलं, "किती दिस टिकंल, सायेब?" सरांनी पुष्कळ वर्षांचा भरवसा दिला. तो मला रुचला नाही. पेशंट माझा होता. मी मास्तरांना बाजूला घेतलं.

"मास्तर, टिकेल की नाही मला माहीत नाही. मी हे आजवर फक्त बोकडावर केलंय. आणि झाल्यावर तीन महिने वाजवायचं नाही. म्हणजे ही सगळी लगीनसराई गेली."

मास्तर म्हणाले, "म्हंजे मी पयला जित्ता बोकड म्हना की!" आणि स्वतःच खदाखदा हसले. मग हसू थांबलं. "बाई, न्हाई टिकलं तर न्हाई. पन सूर घसरतोय ह्ये रोज ऐकायचं आता माज्यानं हुत न्हाई. करा तुमी."

मी केलं. पाणी सोडत, टेकवत, उचलत. वास आला नाही. दोन्ही पाती छोट्या हातोडीने ठोकली तेव्हा मास्तरांनी डोळे मिटले होते आणि खुर्चीच्या हातावर त्यांची बोटं चालत होती, क्लॅरिनेटच्या भोकांवर चालतात तशी.

ती लगीनसराई मला फार जड गेली. त्यांचा बँड दवाखान्यावरून जायचा. क्लॅरिनेट दुसऱ्याच कुणाच्या हातात असायचं, आणि मास्तर सगळ्यांच्या पुढे, रिकाम्या हातांनी, ओठ मिटून चालायचे. खिडकीत मी दिसले की मान हलवायचे. मी भलत्याच कामात असल्यासारखं करायची.

पावसाळा लागला आणि पक्की कवळी बसवली. तिने धरलं. मास्तर वाजवायला लागले आणि तिथून पुढे काही वर्षं या गावातल्या वराती माझ्या हक्काच्या झाल्या. लांबून सूर आला की हातातलं काम तसंच ठेवून मी कान द्यायची. तो घसरत नव्हता. इतका आनंद मला दुसऱ्या कुठल्याच कामाने दिला नाही, पुढेही नाही.

दशक संपता संपता मास्तर एका सकाळी आले. हिरडी सुजलेली, दाबली की पू. एक्स-रेत पात्यांच्या भोवती काळी पोकळी दिसत होती. हाड विरघळलं होतं. त्या काळच्या त्या पात्यांचं पुष्कळ ठिकाणी असंच झालं, हे मला नंतर कळलं. पाती काढायलाच हवी होती, आणखी काही महिने ठेवली तर जबडाच मोडला असता. आणि पुन्हा काही रोवायला आता हाडच उरलं नव्हतं. मी हे सगळं त्यांना सरळ सांगितलं. ते म्हणाले, "उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी आले ते क्लॅरिनेट घेऊन. बाहेरच्या बाकावर चारपाच पेशंट गाल धरून बसले होते. त्यांच्यात एक जागा करून मास्तर बसले, ओठ आत दुमडला आणि वाजवायला लागले. आमच्याकडे नवरी सासरी निघाली की बँडवाले जी धून वाजवतात, ती. बाकावरची एक म्हातारी पदर डोळ्यांना लावून बसली, पाठवणी कुणाची आहे हे तिला कुठे माहीत होतं! मी दारात उभी होते. आत हत्यारं उकळून ठेवलेली होती. एकही सूर घसरला नाही. धून कडव्याच्या शेवटाला आली, की मी मनातल्या मनात म्हणायची, मास्तर, आणखी एकदा घ्या. आणि तेही थांबत नव्हते.