नरसय्यानं दिलेली वीज

नरसय्या गेल्याचं मला ऑफिसातच कळलं. चहाच्या वेळी कुणीतरी म्हणालं, पूर्व भागातला मोटारी भरणारा गेला म्हणे. दुसऱ्यानं लगेच विचारलं, "कोण, तो मीटरचोर?" त्याला मी काय बोललो ते पेपरच्या पुरवणीत छापण्यासारखं नाही. महिना झाला, राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

मी लाइनमन, खांबावर चढणारा. नरसय्याचं दुकान म्हणजे एक पत्र्याची खोली. यंत्रमागांच्या जळालेल्या मोटारी तांब्याच्या तारेनं पुन्हा भरून द्यायच्या, हा त्याचा धंदा. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी आणि मोटार हट्टाला पेटली की तिच्याशी दखनी. बहात्तरच्या दुष्काळानंतर वीज सारखी जायला लागली, तेव्हा यानं पत्र्यावर लाकडी पात्यांची पवनचक्की चढवली, तिला ट्रकचा जुना डायनामो जोडला, खाली बॅटऱ्या ठेवल्या. इथवर ठीक होतं. पण गड्याच्या डोक्यात भलतंच शिरलं. म्हणे बॅटरीतली वीज घरच्या विजेसारखी करायची आणि उरलेली थेट सरकारी तारेत सोडायची. मी म्हटलं, वेड लागलंय तुला. तर म्हणाला, "आपण नुसतं घ्यायचंच व्हय रे?"

त्यासाठी त्यानं एक लाकडी खोकं केलं. आत स्वतः गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर आणि भंगारातून आणलेले थायरिस्टर, म्हणजे वीज झपाझप चालू-बंद करणारे सुटे भाग. सरकारी वीज सेकंदाला पन्नास झोके घेते; खोक्यानंही त्याच ठेक्यात झोके घ्यायला हवेत, नाहीतर फ्यूज उडालाच. ठेका बघायला त्यानं दोन्ही विजांच्या मध्ये एक बल्ब टांगला होता. ठेका चुकला की तो पेटायचा, जुळला की विझायचा. किती फ्यूज उडाले असतील... एका रविवारी दुपारी बल्ब विझला तो विझलेलाच राहिला. "विझला!" म्हणून नरसय्या नाचायलाच लागला. त्याची बायको, पद्मावहिनी, धावत बाहेर आल्या आणि भर दुपारी घरात असलं अभद्र बोलतात का म्हणून त्याला झापलं. आम्ही खोकं सरकारी तारेला जोडणारा खटका दाबला. दुकानातलं बाकी सगळं बंद होतं. मीटरची चकती थबकली आणि उलटी फिरू लागली, अगदी सावकाश.

मी मात्र बाहेरच्या खांबाकडे बघितलं. सरकारी वीज बंद करून मी खांबावर चढलेला असताना याची वीज तारेत आली तर? विचारलं, तर त्यानं मेन फ्यूज ओढला. खोकं गप्प झालं. "सरकारी वीज गेली की हे बी मरतं," तो म्हणाला. "ते आदी केलं. तू वर असतोस की."

पुढच्या वेळी मीटर वाचणाऱ्याला आकडा मागच्यापेक्षा कमी दिसला. साहेब आले, मलाही सोबत आणलं. पंचनाम्यात छापील ओळ होती, 'चोरून वीज घेतली'. सही केलीस तर दंडावर भागेल, नाहीतर तार तोडू, साहेब म्हणाले. तार तुटली तर दुकान बसणार, हे नरसय्याला कळत होतं. त्यानं कागद दोनदा वाचला आणि परत केला.

"घेतली न्हाय साहेब, दिली. 'दिली' लिवा, आत्ता सही करतो."

फॉर्मात तसा रकानाच नव्हता. त्यानं सही केली नाही. कर्मचारी म्हणून खाली मी केली, आणि त्याची तारही मीच वर चढून तोडली. उतरलो तेव्हा त्यानं मला पाणी दिलं.

दुकानात पुन्हा सरकारी वीज आली नाही. भरलेल्या मोटारी तो हातगाडीवर घालून शेजारच्या कारखान्यात तपासायला न्यायचा. गिऱ्हाइकं निम्मी झाली. सही करून टाक, असं मी कितीदा विनवलं. दरवेळी एकच विचारायचा, 'दिली' लिहिलंय का?

दिवसकार्य झाल्यावर पद्मावहिनींनी तो बल्ब माझ्या हातात ठेवला. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातली जुनी फाइल काढली, पंचनाम्यातलं 'चोरून' आणि 'घेतली' खोडलं, वर 'दिली' लिहिलं आणि शेजारी पुन्हा सही केली. सरकारी कागदात खाडाखोड केली म्हणून मला नोटीस आली आहे. येऊ दे. उत्तरात एकच ओळ लिहिली, त्यानं दिली होती. बल्ब घरी मीटरशेजारी टांगलाय, विझलेला. नोटीस त्याच खिळ्याला अडकवलीय.