हिरव्या कडीचा रुपया

"बुडव आणि काढ."

हे आमच्या मिस्तरींचं वाक्य. जगातल्या बहुतेक अडचणींवर त्यांच्याकडे हा एकच इलाज होता. सायकलची चेन गंजली, बुडव आणि काढ. चहाचे कप आतून लाल पडले, बुडव आणि काढ. एकदा एक नवा कामगार बायको रुसून माहेरी गेली म्हणून तोंड पाडून बसला होता. त्यालाही मिस्तरी म्हणाले, "नदीवर जा. डोकं बुडव आणि काढ. मग फोन लाव तिला." त्याने खरंच तसं केलं आणि बायको परतली. तेव्हापासून मिस्तरींना आवरणं कठीण झालं.

अंबरनाथला आनंदनगरात आमचा छोटासा प्लेटिंगचा कारखाना होता. नळाच्या तोट्या, दारांच्या मुठी, असल्या पितळी मालावर निकेल चढवायचं. मी स्टोअर सांभाळायचो आणि मिस्तरी टाक्या सांभाळायचे. एका ओळीत मांडलेल्या त्या टाक्या: ॲसिडची, पाण्याची, निकेलची. मिस्तरी कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवून त्यांच्यामधून असे फिरायचे की वाटावं, हा माणूस स्वतःच्या शेताच्या बांधावरून चाललाय. इकडून कळकट तोटी आत जायची आणि तिकडून तिच्यात तोंड दिसायचं.

त्यांना संताप एकाच गोष्टीचा. निकेल कुठे कच्चं राहिलं की काही दिवसांनी आतल्या पितळेतून हिरवा डाग फुटतो आणि गिऱ्हाईक माल परत पाठवतं. "मिस्तरी, हिरवं आलंय," एवढं कुणी नुसतं म्हटलं तरी ते हातातलं टाकून धावायचे, माल बघायचे आणि जो समोर दिसेल त्याला झाडायचे. त्यांच्या डब्यात वहिनींनी पालकाची भाजी दिली की ती हटकून माझ्या वाट्याला यायची.

असा हा घाईचा माणूस उन्हाळ्यातल्या रविवारी मात्र एक काम अगदी सावकाश करायचा. बदलापूर गावात त्यांची घराची जुनी जागा होती. घर कधीच पडलं होतं, नुसतं जोतं उरलं होतं. त्या जोत्याच्या मागे मिस्तरी कुदळ घेऊन खणत बसायचे. मी जवळच बेलवलीत राहायचो. भाजी आणायला म्हणून निघायचो आणि त्यांच्याकडे जाऊन बसायचो. येणारा-जाणारा हटकायचाच, "काय मिस्तरी, लागला का हंडा?" ते वर न बघता म्हणायचे, "लागला की तुझ्या घरी पेढे पाठवतो."

ते काय शोधत होते हे त्यांनी मला एकदा कुदळीच्या दांड्यावर हनुवटी टेकवून सांगितलं. घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा ते सहा-सात वर्षांचे. वडिलांनी देव्हाऱ्यातले देव गोळा केले आणि नदीत सोडून आले. राहिली ती आईच्या गळ्यातली माळ. राजाछाप रुपयांना कड्या लावून ओवलेली आणि मधोमध टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली देवी. सासूकडून सुनेकडे आलेली. वडील म्हणाले, देवी तेवढी काढ, रुपये राहू दे. आई म्हणाली, द्यायचं तर सगळं द्यायचं, अर्धं नाही. तिने अख्खी माळ मडक्यात घातली आणि मागच्या दारी शेवग्याखाली स्वतःच्या हाताने पुरली.

"त्यातला एक रुपया तिचा स्वतःचा," मिस्तरी म्हणाले. "आजी गेल्यावर घेतलेला. गवताचे भारे डोक्यावर घेऊन कल्याणला जायची, त्या पैशाचा. त्याला चांदीची कडी परवडली नाय, म्हणून सोनाराकडून तांब्याची लावून घेतली. बाकी सगळे चांदीच्या कडीचे, तिचा एकटा तांब्याच्या कडीचा."

ही गोष्ट आई आयुष्यभर मोठ्या अभिमानाने सांगायची आणि कुणाचाच तिच्यावर विश्वास बसायचा नाही. गावातले म्हणायचे, यांच्या घरात कुठली आली चांदी? ते मिस्तरींनी सोसलं. पण घरातलेही हसायचे ते त्यांना सोसवत नव्हतं. त्यांचा थोरला चुलतभाऊ आप्पा तर तोंडावर म्हणायचा, "काकी माणूस चांगली, पण बढाई लय मारायची." शेवटी शेवटी आईने ती गोष्ट सांगायचीच सोडली. एवढं सांगून मिस्तरी सरळ झाले. मग त्यांनी कुदळ उचलली आणि इतक्या जोरात घातली की माती माझ्या चहात आली.

शेवगा कधीच गेला होता. मागचं दार नेमकं कुठे होतं यावरही भावाभावांत एकमत नव्हतं. त्यात जागा इमारतीसाठी द्यायची ठरली आणि सोमवारी जेसीबी येणार म्हणून पक्कं झालं. आदल्या दिवशी आम्ही सकाळपासून खणत होतो. आप्पा प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसला होता आणि सूचना करत होता. उन्हं कलली तेव्हा मिस्तरींची कुदळ खापरावर बसली.

मडकं फुटलंच. आतून निघाला तो मुठीएवढा काळाकुट्ट गोळा, मातीने लिंपलेला. चांदी सोडा, त्यात नाणं आहे असंही कुणी म्हटलं नसतं. आप्पाने तो हातात घेऊन वजन केलं. "नटबोल्ट हायेत रे. गंजलेत. फेकून दे." मिस्तरींनी गोळा त्याच्या हातातून काढून घेतला आणि रुमालात बांधला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात सगळे त्या रुमालाभोवती जमले आणि मग व्हायचं तेच झालं. सगळे एका सुरात ओरडले, "मिस्तरी, बुडव आणि काढ!"

मिस्तरी म्हणाले, "नाय."

आमचा विश्वास बसेना. उल्हासनगरहून आमचे शेठ आले. तेही म्हणाले, "अरे साईं, टंकी तुम्हारी, हाथ तुम्हारा. डाल दो. दो मिनट का काम है."

"शेठ, टंकी मेरी है, पर आई भी मेरी है," मिस्तरी म्हणाले. "ॲसिड तांबा खाता है. चांदी चमकेगी, और आई के रुपये की कडी चली जाएगी. फिर कैसे दिखाऊं कौनसा उसका?"

शेठ जाताना एवढंच म्हणाले, "डिस्टिल पानी का कॅन ले लो. नल का पानी मत लगाना." आमच्या शेठच्या हातून फुकट काही सुटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मग रोज जेवणाच्या सुट्टीत मिस्तरी एका वाडग्यात तो गोळा घेऊन बसायला लागले. पाण्यात भिजवायचं, जुन्या मऊ टूथब्रशने माती सोडवायची, बांबूच्या काडीने दोन नाण्यांमधली फट जराशी उकलायची आणि पुन्हा भिजत ठेवायचं. उभ्या आयुष्यात ज्याने कशाची वाट पाहिली नाही तो माणूस दातात जीभ धरून वाट बघत होता. त्यांना ते फार जड जात होतं. एकदा मी स्टोअरच्या खिडकीतून पाहिलं, तर गोळा हातात घेऊन ते ॲसिडच्या टाकीपाशी उभे होते. किती तरी वेळ. मी हाक मारणार तेवढ्यात वळले आणि वाडग्याकडे परत आले.

पहिलं नाणं सुटलं तेव्हा काळी चकतीच हातात आली. ब्रश फिरत गेला आणि हळूहळू एका राजाचं डोकं वर आलं. सगळा कारखाना टाळ्या वाजवत होता. वरच्या बाजूला चांदीची कडी होती. मग दुसरं सुटलं, तिसरं सुटलं, सगळ्यांना चांदीचीच कडी.

मिस्तरींनी आप्पाला मुद्दाम बोलावलं. आप्पाने नाणी उलटीपालटी करून पाहिली. "चांदी हाय बाबा, ते कबूल. पण ही आजीची माळ. चोरांच्या भीतीनं आजीनंच पुरली असेल. काकीनं नुसतं ऐकलं असेल आणि पुढं आपलं म्हणून सांगितलं असेल." तो वाईट माणूस नव्हता. एकदा धरलेलं मत त्याच्या हातून सुटत नव्हतं, एवढंच.

मिस्तरी पुन्हा ब्रश घेऊन बसले. वाडग्यात आता थोडीच नाणी उरली होती आणि त्यांत तो टाक घट्ट अडकला होता. त्या आठवड्यात त्यांनी एकदाही "बुडव आणि काढ" म्हटलं नाही. कारखान्यात चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं.

आणि मग एका दुपारी मी डबा उघडत होतो, तोच टाक्यांच्या बाजूने आरोळी आली. "हिरवं! हिरवं आलं!"

सवयीने सगळे हादरले. कुठला माल खराब झाला म्हणून दोघे-तिघे शेल्फकडेच पळाले. जाऊन पाहतो तर मिस्तरी ब्रश उंच धरून नाचत होते. होय, नाचत. ब्रशच्या केसांना हिरवा रंग लागला होता. तळहातावर टाकाला चिकटलेलं शेवटचं नाणं होतं आणि त्याच्या डोक्यावर जाडसर, ओबडधोबड, हिरवीगार कडी. चांदी काळी पडते, हिरवं पडतं ते तांबं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ज्या रंगाला त्यांनी जन्मभर शिव्या दिल्या त्याच्यावर ते आता ओठ टेकत होते. "आईचा," एवढंच म्हणत होते. "आईचा रे. आईचा."

मीही रडलो. सांगायला लाजत नाही.

संध्याकाळी आम्ही थेट गावात गेलो. जागेवर पायाचे खड्डे झाले होते आणि आप्पा मुकादमाशी बोलत उभा होता. मिस्तरींनी नाणं त्याच्या हातात ठेवलं. आप्पाने कडीवर बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं. मग खाली बघत पुटपुटला, "काकी खरं बोलत होती."

"मोठ्यानं बोल," मिस्तरी म्हणाले. "ती लांब हाय."

आप्पाने वर पाहिलं आणि गावाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "काकी खरं बोलत होती!"

टाक मिस्तरींनी पायाच्या खड्ड्यात काँक्रीट पडायच्या आधी जिथे सापडला त्याच सुमाराला मातीत परत ठेवला. "आईनं देवी जिथं ठेवली तिथंच राहू दे," म्हणाले. आजीचे रुपये घरातल्या मुलींना एकेक वाटले. आईचा रुपया मात्र फ्रेममध्ये घालून भिंतीवर लावला, कारण आईचा फोटो कुणी कधी काढलाच नव्हता. राजाचं तोंड भिंतीकडे केलं. "त्याचं काय काम हाय इथं?" आणि वहिनींना ताकीद दिली, "काच पुस. हिरव्याला हात लावायचा नाय."

मिस्तरींना जाऊन आता दोन वर्षं झाली. त्या रुपयाशेजारी त्यांचाही फोटो लागला आहे. परवा मी गेलो तेव्हा नातीला बघायला पाहुणे आले होते आणि सगळ्यांच्या पुढे आप्पा बसला होता, काठीवर दोन्ही हात ठेवून. पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारलं, फ्रेममध्ये नाणं कसलं?

"ती आमची काकी," आप्पा म्हणाला. आणि त्याने सगळी गोष्ट सांगितली. माळ, गवताचे भारे, तांब्याची कडी, काही म्हणून सोडलं नाही. मग जरा थांबून छाती काढून म्हणाला, "सगळे म्हणत होते, फेकून द्या. मीच म्हटलं, खबरदार. काकी बोलली म्हणजे चांदीच असणार."

चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी मिस्तरींच्या फोटोकडे पाहिलं. आणि आप्पाला म्हणालो, "आप्पा, ते गवताच्या भाऱ्यांचं पुन्हा सांगा. जरा मोठ्यानं."