परब हवालदारांचं मत

परब हवालदारांनी आयुष्यात कुठलीही वस्तू उघडून पाहिल्याशिवाय तिला चांगली म्हटलं नाही, की वाईट म्हटलं नाही. एकदा हिंदमाताजवळच्या दुकानात छत्री घ्यायला गेले आणि गल्ल्याशेजारीच तिच्या काड्या सोडवून बसले. दुकानदार रडकुंडीला आला. हवालदारांनी ती पुन्हा जशीच्या तशी जोडून दिली, त्याचे आभार मानले आणि न घेताच घरी आले. त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणत असू. त्या सांगायच्या, "मला बघायला आले तेव्हा पान्हा आणला नव्हता, हे माझं नशीब."

लढाईच्या काळात ते पलटणीत बंदुका दुरुस्त करायचे. पलटण सुटली, नाव चिकटलं. पुढे ते लालबागच्या एका गिरणीत फिटर झाले आणि आमच्या चाळीत, आमच्याच मजल्यावर राहायला आले. पाळी संपवून आले की खोलीत वर्तमानपत्र पसरून शेजाऱ्यांचे स्टोव्ह दुरुस्त करत बसायचे. घाई करणाऱ्याला म्हणायचे, "आधी वस्तूला बोलू दे रे. तू मागाहून बोल."

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. मोर्च्यावर गोळीबार झाला आणि माझ्या धाकट्या भावाच्या, मधूच्या, पायात गोळी शिरली. परळच्या इस्पितळात त्याचा पाय गुडघ्यापासून कापला. त्याला शुद्ध आल्यावर त्याने मला नसलेल्या पायावरचं पांघरूण सारखं करायला सांगितलं, तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी चोवीस वर्षांचा, गिरणीत कारकून. आठवड्याच्या आत माझगावच्या एका ओळखीच्या टर्नरने मला गावठी पिस्तूल दाखवलं. स्वस्तात देतो म्हणाला. नळी त्याने स्वतः वाफेच्या जाड पाइपातून काढली होती. बॉयलरची वाफ वर्षानुवर्षं सोसणारं लोखंड एक गोळी सोसणार नाही का, असं त्याने विचारलं. गिरणीत वाढलेल्या मला ते शंभर टक्के पटलं. दोन दिवस ठेव, बघ आणि मग घे, असं ठरलं.

मी ते जेवणाच्या डब्यात घालून थेट हवालदारांकडे आलो. घेण्यासारखं आहे का, एवढंच विचारलं. त्यांनी डबा उघडला, पिस्तूल उचललं, तोंड भिंतीकडे केलं आणि आतली गोळी काढून तळहातावर घेतली. माझगावपासून लालबागपर्यंत मी भरलेलं पिस्तूल मांडीवर घेऊन आलो होतो.

"आवशीक सांगितलंस काय?" त्यांनी विचारलं. आईला सांगितलं नव्हतं. त्यांनी दार लोटलं आणि स्टोव्हच्या पितळी तुकड्यांशेजारीच पिस्तूल खोलायला घेतलं. नळी उजेडात धरून बराच वेळ फिरवली. मग माझा अंगठा आतल्या कडेवरून फिरवला. केसाएवढी एक रेघ लागत होती.

"सांधा आहे हा," ते म्हणाले. "वाफ दाबते, दारू फुटते. स्वस्त छत्री गळली तर माणूस भिजतो. हे फुटलं तर मधूला पाय नाही आणि तुला हात नाही. आवशीन मग कुणाला भरवायचं?"

मी हट्टाला पेटलो होतो. दुसरं चांगलं मिळालं तर, असं विचारलं. त्यावर त्यांनी मला शांतपणे विचारलं, की कुणाला मारणार. ज्याने गोळी घातली त्याचा चेहरा मी पाहिला नव्हता. म्हटलं, "खाकीतला पहिला जो दिसेल तो."

तेवढ्यात जिन्यावर बूट वाजले. चाळीतून दगडफेक झाली म्हणून पोलीस खोल्या तपासत होते. नीट लपवायला वेळ नव्हता. हवालदारांनी नळी स्टोव्हच्या टाकीमागे सरकवली, लाकडी मूठ वर्तमानपत्राखाली ढकलली आणि एक बर्नर उचलून पुसायला लागले. मला म्हणाले, "बस. पिन धर." मी पिन धरली.

फौजदार बाहेरच, दाराआड थांबला. एक शिपाई आत आला, माझ्याच वयाचा, चार दिवसांची दाढी वाढलेला. त्याने ट्रंक पाहिली, गादी पाहिली. मग वाकून वर्तमानपत्राचा कोपरा उचलला. मूठ समोरच होती. त्याने ती पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं सगळं. आई, मधू, नोकरी, सगळं.

त्याने कागद पुन्हा तसाच ठेवला. "स्टोव्हचं सामान आहे साहेब," असं दाराकडे बघून म्हणाला आणि बाहेर पडला.

पुढच्या खोलीचं दार वाजेपर्यंत आम्ही दोघंही हललो नाही. मग हवालदारांनी नळी पोलादी शिकंज्यात धरून करवतीने कापायला सुरुवात केली. टर्नरला काय सांगायचं ते मी सांगतो, म्हणाले. अर्धी नळी कापून झाल्यावर त्यांनी मान वर न करता विचारलं, "पहिला हाच दिसला ना रे?"

मी तिथेच, स्टोव्हच्या तुकड्यांत, तोंड झाकून रडलो. त्यांनी मला रडू दिलं, करवत काही थांबवली नाही.

हवालदारांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्या शिपायाचं नाव आम्हा दोघांनाही कधी कळलं नाही. मधूच्या मुलीच्या लग्नात जेवणाच्या पंगती वाढताना मात्र मला त्याची दाढी वाढलेली हनुवटी उगाच आठवत राहिली, आणि माझे दोन्ही हात भाताची परात घट्ट धरून होते.